गालावरचा वांग आणि सहा सिटिंगचं पॅकेज

एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे:

"मी ४१ वर्षांची. साताऱ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन २८ किलोमीटर स्कूटी. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात दोन्ही गालांवर वांग आला, तो गेलाच नाही. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब आठ महिने लावतेय. लावली की उजळतं, दोन दिवस सोडली की चेहरा लाल होतो, आग होते. सासूबाई जायफळ उगाळून लाव म्हणतात. आता पार्लरमध्ये 'फोटोफेशियल'चं सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, २७ हजारांचं. ५ हजार भरलेत. माझ्या जावेच्या हातावरचे डाग अशाच लाइटने गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ती खूप गोरी आहे, मी सावळी. पुतण्याचं लग्न अडीच महिन्यांवर आलंय. मुलीने परवा विचारलं, आई, तुझ्या गालाला शाई लागलीय का? हल्ली मी फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. मानही काळवंडलीय, तीही त्याच लाइटने निघेल असं पार्लरच्या ताई म्हणाल्या. करून घेऊ का?"

ताई, हे पॅकेज घेऊ नका. पहिलं सिटिंग ठरलं असेल तर जाऊ नका. भरलेले ५ हजार परत मागा, पावती असेल तर जरा ठामपणे मागा. नाहीच मिळाले तर त्यांच्यावर पाणी सोडा. उरलेले २२ हजार अजून तुमच्या हातात आहेत, आणि तुमचा चेहराही.

हे मी प्रकाशाच्या उपचारांवर विश्वास नसल्यामुळे सांगत नाही. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, हे यंत्र माझ्या दवाखान्यात आहे आणि मी ते वापरते. तुमच्या जावेच्या हातावरचे डाग गेले ते मला अगदी पटतं. पण तिच्या हातावर जे होतं ते तुमच्या गालावर नाही, आणि तिची कातडी तुमची नाही. सगळा फरक या दोन गोष्टींत आहे, म्हणून त्या नीट सांगते.

फोटोफेशियल हे विक्रीचं नाव. आम्ही त्याला आयपीएल म्हणतो, म्हणजे 'इन्टेन्स पल्स्ड लाइट', झटक्याझटक्याने सोडलेला जोरकस प्रकाश. लोक सर्रास 'लेसर केला' म्हणतात, पण हा लेसर नव्हे. लेसरमधून एकाच ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश निघतो. इथे झेनॉन वायूचा दिवा असतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा पण कितीतरी जोरकस. त्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश एका झटक्यात बाहेर पडतो आणि पुढे फिल्टर लावून त्यातला नको तो भाग गाळला जातो. चेहऱ्यावर थंड जेल, डोळ्यांवर पूर्ण झाकणारे गॉगल, मग लख्ख उजेड आणि रबर बँड तोडून बसावा तसा चटका. एक झटका सेकंदाच्या काही हजाराव्या भागांइतकाच टिकतो. यामागचं तत्त्व १९८३ साली अमेरिकेत रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलं. योग्य प्रकाश अगदी योग्य तेवढाच वेळ दिला, तर ज्यात रंग आहे ते तापून फुटतं आणि शेजारचं वाचतं.

आता जावेचा हात डोळ्यांसमोर आणा. गोऱ्या कातडीवर उन्हाने आणि वयाने आलेले सपाट, कडा स्पष्ट असलेले तपकिरी ठिपके. रंग सगळा वरच्या थरात, आणि आजूबाजूला रंग जवळजवळ नाही. प्रकाश बरोबर ठिपक्यातच शोषला जातो. दुसऱ्या दिवशी तो ठिपका आणखी काळा होतो, वर कॉफीची पूड भुरभुरल्यासारखी बारीक खपली धरते आणि काही दिवसांत हात धुताना, अंग पुसताना ती गळून जाते. खाली स्वच्छ कातडी. अशा रुग्णाचा आनंद मी पाहिलाय, आणि तो खोटा नसतो.

सावळ्या कातडीत मात्र डागाच्या आजूबाजूलाही रंग असतो. यंत्राला डाग आणि तुमचा मूळ रंग यातला फरक कळत नाही. उन्हात पांढरी आणि काळी छत्री शेजारी शेजारी ठेवली तर काळी जास्त तापते, तसंच. डागासाठी दिलेला प्रकाश सगळा गालच पिऊन टाकतो आणि भाजतो. १९७५ साली थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी ऊन लागल्यावर कातडी लाल होते की काळी, यावरून माणसांचे प्रकार पाडायला सुरुवात केली. आज असे सहा प्रकार मानले जातात आणि आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात मोडतात. घरी वापरायची आयपीएलची छोटी यंत्रं मिळतात ना, त्यांच्या खोक्यावर कातडीच्या रंगांची एक पट्टी छापलेली असते आणि गडद रंगांपुढे फुली असते. कंपनीच सांगते की या रंगावर वापरू नका. पार्लरमध्ये ही पट्टी तुमच्या गालाशेजारी धरून कुणी बघितली का, एवढं आठवून पाहा.

मागे एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. गालावर तीन पट्टे, एकाखाली एक, पट्टीने आखल्यासारख्या कडांचे. मला विचारायची गरजच पडली नाही. यंत्राचं टोक आयताकृती असतं, तो आकार जसाच्या तसा उमटला होता. मूळ वांग मधोमध होता तसाच, आणि भोवती भाजल्याचा काळेपणा. तो काळेपणा पुसट व्हायला वर्ष गेलं. त्या वर्षभर त्या दवाखान्यात आल्या की आधी ओढणी सोडायच्या नाहीत. कुणी जाणूनबुजून त्यांचं वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या हाताने ते टोक गालावर टेकवलं, त्या हाताला कातडी भाजल्यावर काय होतं ते ठाऊक नव्हतं.

आता तुमच्या डागाकडे येते. तुम्ही लिहिलंय ते सगळं, म्हणजे दोन्ही गालांवर सारखं, गरोदरपणात आलेलं, नंतर न गेलेलं, हे वांगाचंच वर्णन वाटतं. पक्कं निदान प्रत्यक्ष बघूनच होईल. वांग म्हणजे नुसता साठलेला रंग नव्हे. तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशीच चिडलेल्या असतात. हार्मोन, घरातली प्रवृत्ती, ऊन, उष्णता या सगळ्यांनी त्यांना चिडवलेलं असतं. गॅसवर दूध उतू जातंय आणि आपण आच कमी न करता ओटा पुसत बसलोय, तसा प्रकार इथे होतो. आयपीएल फार तर ओटा पुसतो, आणि बऱ्याचदा आच वाढवून जातो. म्हणून पहिल्या दोन सिटिंगनंतर चेहरा उजळल्यासारखा वाटतो, फोटो काढून दाखवले जातात, आणि दोन-तीन महिन्यांत वांग पहिल्यापेक्षा जास्त गडद होऊन परत येतो. तोवर पॅकेजचे पैसे भरून झालेले असतात.

आणखी एक गोष्ट फार कमी जणींना कुणी सांगतं. वांगाला अतिनील किरणच लागतात असं नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की सावळ्या कातडीवर साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही काळेपणा येतो आणि तो कित्येक दिवस टिकतो. गोऱ्या कातडीवर त्याच प्रकाशाने तसं झालं नाही. म्हणजे आपला डाग प्रकाशानेच पोसला जातो. त्याच्यावर पहिला उपाय म्हणून आणखी प्रकाश सोडणं मला पटत नाही.

ट्यूबबद्दल जरा कडक बोलणार आहे, रागावू नका. घरात असेल तर आत्ता हातात घ्या आणि बारीक अक्षरांतली नावं वाचा. बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं असतील. तिसरं स्टेरॉइड आहे. हे मिश्रण मुळात वाईट नाही. अशाच तिघांच्या मिश्रणाची कल्पना १९७५ साली अल्बर्ट क्लिगमन यांनी मांडली आणि आजही आम्ही ते लिहून देतो, पण काही आठवड्यांसाठी, रात्री, बारीक थर, आणि मध्ये बोलावून तपासून. आठ महिने नाही. लावणं सोडलं की लाल होणं, आग होणं ही कातडी स्टेरॉइडवर विसंबल्याची खूण आहे. आरशात जवळून बघा. गालावर लाल बारीक शिरा दिसतात का? नवी लव आलीय का? हनुवटीभोवती पुटकुळ्या? असतील तर कातडी पातळ झालीय, आणि अशा कातडीवर आयपीएल म्हणजे धोका दुप्पट. २०१८ पासून सरकारने कातडीला लावायची बरीचशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलंय, तरी ती काउंटरवरून सहज मिळतात. तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही विचारलंत आणि मेडिकलवाल्याने ती दिली. आता ट्यूब एकदम फेकून देऊ नका आणि चालूही ठेवू नका. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ती एकदम बंद करायची की हळूहळू, आणि मधल्या काळात आग शमवायला काय लावायचं, ते चेहरा बघून ठरतं. ट्यूब सोबत न्या.

पत्राच्या शेवटी मानेबद्दल तुम्ही जाता जाता एकच ओळ लिहिलीय. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. मानेच्या मागे बोट फिरवून बघा. कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते का? रेषा खोल झाल्यात? काखेतही तसंच आहे? असेल तर तो मळ नाही, उन्हाचा टॅनही नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती बहुतेक वेळा खूण असते. ते लाइटने निघत नाही आणि घासून तर मुळीच नाही. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्या. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही लॅबमध्ये या तपासण्या होतात. घरात कुणाला मधुमेह असेल, वजन वाढलं असेल, पाळी मागेपुढे होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. साखर वेळेत कळली आणि चालणं-खाणं सुधारलं तर मानही हळूहळू उजळते. २७ हजारांच्या पॅकेजमध्ये ही तपासणी नव्हती, याची मला खरंच चुटपुट लागली.

आता काय करायचं ते सांगते. सगळ्यात जास्त लक्ष ज्याला द्यायचंय ते फार साधं आहे, म्हणून लोक टाळतात.

तुमची स्कूटी. सकाळ-दुपार मिळून २८ किलोमीटर ऊन चेहऱ्यावर. तुम्ही स्कार्फ बांधतच असाल. बहुतेक जणी तो नाकावरून घट्ट ओढतात आणि डोळ्यांखालचा गालाच्या हाडावरचा भाग उघडा राहतो. वांग नेमका तिथेच असतो. पातळ जॉर्जेटच्या ओढणीतून उजेड सरळ आत येतो. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ घ्या, वर हेल्मेट, त्याची काच खाली. शाळेत बसण्याची जागा खिडकीलगत असेल तर बदलून घ्या. काचेतूनही यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांतला एक प्रकार, आणि उजेड दोन्ही येतात.

सनस्क्रीन घ्यायचं ते टिंट असलेलं. म्हणजे ज्यात आयर्न ऑक्साइड आहे आणि जे किंचित गव्हाळ दिसतं. साधं पांढरं सनस्क्रीन दिसणारा उजेड फारसा अडवत नाही, हे टिंटवालं अडवतं. एसपीएफ ३० किंवा त्यावर, आणि यूव्हीए अडवण्यासाठी पीए तीन प्लस (ट्यूबवर PA+++ असं छापलेलं असतं). किती लावायचं? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत ट्यूबची एकेक रेघ ओढा. एवढं सगळं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एकदा, आणि दुपारी परतीला निघण्याआधी पुन्हा. हे महाग पडतं, मला माहीत आहे. त्या उरलेल्या २२ हजारांतलं जे काही खर्च करायचं ते यावर करा.

जायफळाबद्दल सासूबाईंशी भांडू नका, पण लावूही नका. सहाणेवर उगाळलेलं जायफळ कितीही बारीक वाटलं तरी घासताना खरखरतं, आणि आधीच पातळ झालेली कातडी त्याने चिडते. चिडली की काळी होते. लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. स्क्रब, ब्लीच, खसखसून टॉवेलने पुसणं, सगळं बंद. साधा सौम्य फेसवॉश, हाताने, आणि टिपून घेणं.

डॉक्टर काय देतील? आधी कातडी शांत करतील. मग अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, कोजिक अ‍ॅसिड, किंवा ठरावीक मुदतीपुरतं हायड्रोक्विनोन. कधी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. हे रक्तस्राव थांबवायचं औषध, पण कमी मात्रेत वांगावरही चांगलं काम करतं. मात्र पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, घरात तसा त्रास असेल, तर ते सांगायलाच हवं. आणि एक गोष्ट बायका सांगायला विसरतात, कारण ते औषध वाटतच नाही: गौरी-गणपतीला किंवा लग्नाकार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. त्या हार्मोनच्याच असतात. पुतण्याच्या लग्नासाठी त्या घ्यायचं मनात असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. वांगालाही त्या चांगल्या नाहीत आणि ट्रॅनेक्सॅमिकसोबत तर नकोच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

मलमांचा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्याआधी 'काहीच होत नाही' म्हणून बदलू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढा. रोज आरशात बघून कळत नाही.

मग प्रकाशाचा उपचार कधीच नाही का? असं मी म्हणणार नाही. चार-सहा महिने मलमं आणि सनस्क्रीन नीट झाल्यावरही हट्टी डाग उरला, तर तज्ज्ञ डॉक्टर कधीकधी क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर अगदी कमी ताकदीत वापरतात. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, ती खोल जाते आणि वरच्या रंगात कमी अडकते, म्हणून सावळ्या कातडीला आयपीएलपेक्षा सोसते. पण तिथेही डाग परततात, आणि फार सिटिंग केली तर कायम राहणारे पांढरे बारीक ठिपके पडू शकतात. तशी वेळ आली तर कानाजवळच्या छोट्याशा जागेवर आधी चाचणी करून, काही आठवडे थांबून मगच पुढे जा. समोरच्या व्यक्तीची पदवी विचारायला लाजू नका: त्वचारोगातली एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही., आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, नागीण उठत असेल, कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण असेल, तर ते आधी सांगा. गोंदणाची शाई हा प्रकाश शोषून घेते आणि तिथे खोल भाजतं. भुवयांच्या खाली, पापणीजवळ कुणी आयपीएल करू म्हणालं तर उठून या. बुबुळाच्या रंगातही तो प्रकाश शोषला जातो आणि डोळ्याला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

आता लग्न. अडीच महिन्यांत डाग पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही, पण आजपासून सुरुवात केलीत तर तोवर फिका पडलेला दिसू शकतो, आणि ट्यूबची लाली, आगही शमलेली असेल. उरलेलं झाकायला हरकत काहीच नाही. टिंटवालं सनस्क्रीन, त्यावर किंचित नारंगी छटेचा करेक्टर फक्त डागावर, आणि मग तुमच्या मानेच्या नव्हे तर गालाच्या रंगाशी जुळणारं फाउंडेशन. मुंडावळ्या बांधायच्या आधल्या आठवड्यात फेशियल, ब्लीच, नवं क्रीम, यातलं काहीही पहिल्यांदा करून बघू नका. मेकअप करणाऱ्या मुलीला एक दिवस आधी बोलवा आणि सगळं एकदा उजेडात लावून बघा. मुलीला सांगा की शाई नाही, तुझ्या भावाच्या वेळी आलेला डाग आहे, औषध चालू आहे. फोटोसाठी मात्र तिला घेऊन पुढच्या रांगेत उभ्या राहा.